कान, लूई इझाडोर

(२० फेब्रुवारी १९०१ – १७ मार्च १९७४). श्रेष्ठ अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ व वास्तुकलेचा अध्यापक. येल विद्यापीठाची कलावीथी, कॅलिफोर्नियातील सॉल्क संशोधन संस्था, अहमदाबाद येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आणि ढाका येथील राष्ट्रीय संसदभवन या त्याच्या प्रमुख वास्तू होत. यांपैकी एकही वास्तू त्याच्या वयाच्या पन्नाशीपूर्वी उभी राहिलेली नव्हती. तोपर्यंत तो फिलाडेल्फिया शहराबाहेर फारसा परिचित नसलेला, कामगारवस्त्यांचे आराखडे करणारा एक व्यावसायिक होता. पुढील तेवीस वर्षांत मात्र त्याने आधुनिक वास्तुकलेला नवे वळण दिले. या उशिरा आलेल्या बहराचे मूळ त्याच्या पूर्वायुष्यात आहे. जुन्या पद्धतीचे कलाशिक्षण, मंदीच्या काळातील गृहनिर्माणकार्य, प्राचीन अवशेषांचे दर्शन व अध्यापन या चार गोष्टींतून त्याची वास्तुदृष्टी सावकाश घडत गेली.

बालपण : कानचा जन्म बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. एस्टोनिया त्या वेळी रशियन साम्राज्याचा भाग होता. घराण्याचे मूळ आडनाव श्मुइलोव्हस्की; अमेरिकेत स्थायिक झाल्यावर काही वर्षांनी वडिलांनी ते बदलून कान असे केले. वडील लिओपोल्ड रंगीत काचकामाचे कारागीर होते. आई बर्था हिला संगीताची जाण होती. कान सुमारे तीन वर्षांचा असताना शेगडीतील निखाऱ्यांच्या रंगाने मोहून त्याने ते आपल्या अंगरख्याच्या ओच्यात घेतले. वस्त्राने पेट घेतला आणि त्याचा चेहरा व हात भाजले. त्याचे व्रण त्याच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिले.

१९०६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत येऊन फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातील स्थलांतरितांच्या वस्तीत राहू लागले. वडिलांना दुखापतीमुळे नियमित काम करता येईना; त्यामुळे घरची परिस्थिती बेताचीच राहिली व भाड्याची घरे वारंवार बदलावी लागली. तथापि फिलाडेल्फियातील सार्वजनिक संस्थांचा लाभ या मुलाला मिळाला. चित्रकलेतील त्याची गती लवकरच शिक्षकांच्या ध्यानी आली आणि शहराच्या औद्योगिक कलाशाळेत व ‘ग्रॅफिक स्केच क्लब’ या मोफत कलावर्गात त्याला प्रवेश मिळाला. मूकपटांच्या चित्रपटगृहांत पियानो वाजवून तो घरखर्चास हातभार लावीत असे. शहरातील ग्रंथालये, शाळा व कलावर्ग यांनी सामान्य घरातील मुलाला जे दिले, त्याची जाणीव त्याने पुढे आयुष्यभर बाळगली. त्याच्या प्रौढ वयातील वास्तूंपैकी बहुतेक विद्या, संशोधन, उपासना व लोकशासन यांच्या संस्थांसाठी आहेत, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

सेंट्रल हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षी वास्तुकलेच्या इतिहासावरील एका अभ्यासक्रमाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. चित्रकलेच्या उच्च शिक्षणासाठी मिळू शकणारी शिष्यवृत्ती त्याने नाकारली आणि १९२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुकलेच्या अभ्यासक्रमासाठी नाव नोंदविले.

शिक्षण : त्या काळी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील वास्तुकलाविभाग पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाविद्यालयाच्या परंपरेवर आधारलेला होता. या विभागाचा प्रमुख अध्यापक पॉल क्रे (१८७६–१९४५) हा स्वतः मूळचा फ्रेंच व त्याच परंपरेत वाढलेला होता. या पद्धतीत विद्यार्थ्याला एखाद्या वास्तूचा विषय देत आणि काही तासांत, कोणाचेही साहाय्य न घेता, त्याला त्याचे प्राथमिक रेखाटन करावे लागे. पुढील कित्येक आठवडे ते रेखाटन तपशीलवार विकसित करावयाचे. परंतु त्यातील मूळ कल्पना बदलावयाची मुभा नसे. परिणामी विषयाच्या गाभ्याला थेट हात घालण्याची आणि मूळ कल्पनेशी अखेरपर्यंत प्रामाणिक राहण्याची सवय विद्यार्थ्याच्या अंगी बाणत असे. प्रमुख दालने व त्यांना साहाय्यभूत असलेली दुय्यम दालने यांतील श्रेणी आराखड्यातच स्पष्ट दिसली पाहिजे, असाही या संप्रदायाचा दंडक होता. आधुनिकतावाद्यांनी ही पद्धत पुढे त्याज्य ठरविली. कानने तिच्यातील अलंकरण व शैलींचे अनुकरण टाकून दिले. आराखड्याविषयीचा विवेक मात्र जपून ठेवला. १९२४ मध्ये तो पदवीधर झाला.

उमेदवारी व युरोपप्रवास : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९२६ मध्ये फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या इमारतींचे काम शहराचा वास्तुशिल्पज्ञ जॉन मॉलिटर याच्याकडे होते आणि त्याच्या कार्यालयात प्रदर्शनाच्या आराखड्यांची प्रमुख जबाबदारी तरुण कानवर सोपविण्यात आली होती. त्यानंतर पुरेसा पैसा साठवून १९२८ मध्ये तो युरोपच्या प्रवासास निघाला. इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनी, स्कँडिनेव्हिया, जन्मभूमी एस्टोनिया व इटली असा सुमारे वर्षभराचा प्रवास त्याने केला. या काळात युरोपात आधुनिक वास्तुकलेची चळवळ ऐन भरात होती. पण कानच्या रेखाटनवह्यांत प्रामुख्याने आढळतात ती इटलीतील जुनी गावे, मनोरे, दगडी भिंती व त्यांवर पडणारा प्रकाश. परतल्यावर त्याने काही काळ क्रेच्या कार्यालयात काम केले. १९३० मध्ये त्याचा एस्टर इझ्राएली हिच्याशी विवाह झाला. ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन-साहाय्यक होती.

मंदीचा काळ : १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेतील बांधकाम जवळजवळ थांबले. १९३२ मध्ये कानची नोकरी गेली. अनेक वर्षे एस्टरच्या वेतनावरच संसाराची मुख्य भिस्त राहिली आणि दांपत्याने तिच्या आईवडिलांच्या घरीच बिऱ्हाड केले. बेकारीच्या या काळात कानने समव्यवसायी बेकार मित्रांचा ‘आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’ हा गट स्थापन केला (१९३२). सुमारे तीस वास्तुशिल्पज्ञ व अभियंते त्यात होते. फिलाडेल्फियातील गलिच्छ वस्त्यांची पाहणी करणे, स्वस्त घरांचे आराखडे तयार करणे व युरोपातील नव्या वास्तुविचारांचा अभ्यास करणे, हा या गटाचा उद्योग होता. दोन वर्षांनी गट विसर्जित झाला. त्याच्या योजनांपैकी फारसे काही प्रत्यक्षात आले नाही. पण ल कॉर्ब्यूझ्येच्या लेखनाशी व आधुनिक वास्तुकलेच्या सामाजिक बाजूशी कानचा सखोल परिचय झाला, तो याच काळात.

१९३५ मध्ये त्याने स्वतंत्र व्यवसायास प्रारंभ केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या ‘न्यू डील’ धोरणाखाली न्यू जर्सी राज्यात ‘जर्सी होमस्टेड्स’ ही वसाहत उभारण्यात येत होती. न्यूयॉर्कमधील ज्यू शिवणकामगारांना शेती व सहकारी कारखाना यांच्या आधारे नव्याने वसविण्याची ही योजना होती. आल्फ्रेड कास्टनर या वास्तुशिल्पज्ञाचा प्रमुख साहाय्यक म्हणून कानने तेथील सपाट छतांच्या, साध्या घरांच्या रचनेत भाग घेतला (१९३५–३७). १९४१ नंतर जॉर्ज हौ आणि ऑस्कर स्टोनोरोव्ह यांच्या भागीदारीत त्याने युद्धकालीन कामगारवस्त्यांचे आराखडे केले. पेनसिल्व्हेनियातील कोट्सव्हिल येथे कृष्णवर्णीय पोलादकामगारांसाठी बांधलेली ‘कार्व्हर कोर्ट’ ही त्यांतील उल्लेखनीय वसाहत. नगररचना हा तज्ञांचाच नव्हे, तर सर्व नागरिकांचा विषय आहे, हे सांगणाऱ्या दोन पुस्तिकाही स्टोनोरोव्ह व कान यांनी १९४३ व १९४४ मध्ये लिहिल्या.

या कामांतून काटकसर, बांधकामाची सुबोध मांडणी व रहिवाशांच्या गरजांचा विचार यांची शिस्त कानच्या अंगी आली. पण त्याचे समाधान झाले नाही. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉन्युमेंटॅलिटी’ या निबंधात त्याने भव्यतेचा प्रश्न उपस्थित केला. भव्यता ही वास्तूच्या आकारमानातून वा मौल्यवान सामग्रीतून येत नाही. संरचनेत अनुस्यूत असलेल्या आत्मिक गुणातून ती प्रकट होते, असे त्याचे प्रतिपादन होते. आधुनिक समाजाने आपल्या शाळा व सभागृहांना असे रूप अद्याप दिलेले नाही, अशी खंत त्यात आहे. हे रूप कसे साधावे, याचे उत्तर मात्र त्या वेळी त्याच्यापाशी नव्हते. निबंधात कल्पिलेल्या संरचना पोलादी नळ्यांच्या व हलक्या आहेत. त्याच्या पुढील काळातील जड भिंतींची चाहूल त्यांत लागत नाही.

येल व रोम : १९४७ मध्ये स्टोनोरोव्हबरोबरची भागीदारी संपुष्टात आली आणि त्याच वर्षी कान येल विद्यापीठात अध्यापन करू लागला. विद्यार्थ्यांसमोर स्वतःच्या कल्पना तपासून घेण्याची संधी त्याला येथे लाभली. अध्यापन हा पुढे त्याच्या जीवनाचा अविभाज्य भाग बनला. त्याच सुमारास अ‍ॅन टिंग (१९२०–२०११) या तरुण वास्तुशिल्पज्ञेचे सहकार्य त्याच्या कामात महत्त्वाचे ठरू लागले. हार्व्हर्डमध्ये शिकलेली टिंग १९४५ पासून स्टोनोरोव्ह व कान यांच्या कार्यालयात होती. त्रिकोण, चतुष्फलक इ. आकृतींपासून संरचना घडविण्याची तिची विलक्षण आवड कानच्या रचनांत उतरली. तिच्या या योगदानाची जाहीर नोंद पुरेशी झाली नाही, हे अलीकडील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

१९५०–५१ च्या हिवाळ्यात रोम येथील अमेरिकन अकादमीत निवासी वास्तुशिल्पज्ञ म्हणून कानला काही महिने राहता आले. या मुक्कामात त्याने रोमन स्नानगृहांचे व बाजारपेठांचे अवशेष पाहिले आणि ईजिप्त व ग्रीस या देशांचाही प्रवास केला. पिरॅमिडांची व ग्रीक मंदिरांची त्याने काढलेली रंगीत खडूंतील चित्रे प्रसिद्ध आहेत. प्राचीन अवशेषांवरील संगमरवर व अलंकरण नाहीसे झालेले असते. विटा, कमानी व भिंतींची जाडी एवढेच उरते. वापर संपल्यावर आणि अलंकार गळून पडल्यावरही वास्तू अर्थपूर्ण राहते, ती तिच्या मूळ रचनेमुळे, हा बोध कानला या अवशेषांपासून झाला. क्रेकडून शिकलेला आराखड्याचा विवेक व मंदीत शिकलेली बांधकामाची शिस्त यांची सांगड येथून पुढे बसू लागली.

येल कलावीथी : रोममध्ये असतानाच कानला येल विद्यापीठाच्या कलावीथीचे काम मिळाले (१९५१–५३). जॉर्ज हौ तेव्हा येलच्या वास्तुकलाविभागाचा प्रमुख होता आणि त्याने कानचा पुरस्कार केला. या वास्तूची रस्त्याकडील बाजू म्हणजे जवळजवळ एकही खिडकी नसलेली विटांची भिंत असून मजल्यांच्या पातळीवरील दगडी पट्ट्यांनी ती विभागली आहे. आतील छते मात्र क्रांतिकारक होती. काँक्रीटची ही छते चतुष्फलकांच्या जाळीसारखी पोकळ असून ती उघडीच ठेवली आहेत. त्यांच्या पोकळ्यांतून हवेच्या वाहिन्या व दिव्यांच्या तारा नेल्या आहेत. खोट्या छताआड यंत्रसामग्री दडविण्याचा प्रघात कानने येथे मोडला. वास्तू कशी बांधली आहे, हे पाहणाऱ्यास दिसले पाहिजे, हे त्याच्या वास्तुविचारातील पहिले सूत्र येथे सिद्ध झाले.

ट्रेंटन स्नानगृह : न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या एका ज्यू समाजकेंद्रासाठी कानने जलतरण तलावालगतचे स्नानगृह बांधले (१९५५). साध्या काँक्रीट ठोकळ्यांची ही लहानशी वास्तू त्याच्या विकासातील निर्णायक टप्पा मानली जाते. मधल्या उघड्या चौकाच्या चार बाजूंना चार चौरस दालने असून प्रत्येकावर पिरॅमिडसारखे लाकडी छप्पर आहे. ही छपरे कोपऱ्यांतील लहान, पोकळ चौरस खोल्यांवर टेकलेली आहेत. शौचालये, प्रवेशमार्ग, सामानाची जागा इ. गौण गोष्टींची सोय या पोकळ ‘खांबां’तच केलेली आहे. यातून कानचे दुसरे सूत्र स्पष्ट झाले : वास्तूत ‘सेव्य’ व ‘सेवक’ असे दोन प्रकारचे अवकाश असतात. माणसे ज्यांत राहतात वा काम करतात ते सेव्य. जिने, नळ, वाहिन्या, साठवण यांसाठीचे ते सेवक. दोहोंना आपापले निश्चित स्थान व रूप दिल्यास वास्तू सुस्पष्ट होते. विद्यार्थिदशेतील प्रमुख व दुय्यम दालनांची श्रेणी येथे आधुनिक रूपात अवतरली, असे म्हणता येईल. या छोट्या स्नानगृहानंतरच आपणास आपली वाट गवसली, असे कान पुढे सांगत असे.

रिचर्ड्‌स व सॉल्क प्रयोगशाळा : १९५७ मध्ये कान पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतला आणि त्याच विद्यापीठाच्या रिचर्ड्‌स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळांचे काम त्याच्याकडे आले (१९५७–६०). प्रयोगशाळांचे चौरस मनोरे व त्यांना बाहेरून लगटलेले, जिन्यांचे व दूषित हवा बाहेर टाकणाऱ्या वाहिन्यांचे उंच विटांचे मनोरे अशी ही रचना आहे. ऑगस्ट कोमेंडंट या अभियंत्याच्या साहाय्याने पूर्वनिर्मित व पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या तुळया जोडून तिचा सांगाडा उभारला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६१ मध्ये या एका वास्तूवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले आणि साठ वर्षांचा कान जगभर प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वापरात मात्र वास्तूत दोष आढळले. मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाची तिरीप संशोधकांना त्रासदायक होई. त्यांना काचांवर आडोसे चिकटवावे लागले. खोल्याही अपुऱ्या पडत.

या उणिवांपासून कान शिकला, हे पुढील कामावरून दिसते. पोलिओप्रतिबंधक लशीचा संशोधक जोनास सॉल्क याने आपल्या नियोजित संस्थेसाठी १९५९ मध्ये त्याच्याशी संपर्क साधला. ला होया येथील या संस्थेत (पूर्ण १९६५) सु. २० मी. रुंदीच्या प्रयोगशाळांमध्ये एकही खांब नाही. प्रत्येक प्रयोगशाळेच्या वर माणूस उभा राहू शकेल एवढ्या उंचीचा नळांचा स्वतंत्र मजला आहे. त्यामुळे संशोधनात अडथळा न आणता दुरुस्ती वा फेरबदल करता येतात. संशोधकांच्या एकांतासाठी सागवानी तावदानांच्या अभ्यासिका वेगळ्या काढल्या आहेत. दोन प्रयोगशाळांमधील प्रांगणात कानला वृक्षराजी अपेक्षित होती. मेक्सिकन वास्तुशिल्पज्ञ लुईस बारागान याच्या सल्ल्यावरून ते मोकळे ठेवण्यात आले. पॅसिफिक महासागराकडे वाहणारी पाण्याची एक अरुंद पन्हळ तेवढी त्यात आहे.

भारत व बांगला देश : १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थेच्या वास्तूंसाठी कानचे नाव बाळकृष्ण दोशी यांनी सुचविले. दोशी यांचा जन्म पुण्याचा व शिक्षण मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत झालेले. विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांनी या सूचनेस पाठिंबा दिला आणि १९६२ मध्ये कानने काम हाती घेतले. स्थानिक वीट व स्थानिक गवंडीकाम यांवरच त्याने ही योजना आधारली. रुंद, चपट्या कमानींचा बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा आवरण्यासाठी त्याने पायथ्याशी काँक्रीटच्या आडव्या तुळया घातल्या. वीट दाब सोसते व काँक्रीटमधील लोखंड ताण सोसते, हे विभाजन भिंतीवरच वाचता येते. भिंतींतील भव्य वर्तुळाकार छेद, खोल ओसऱ्या व अंगणे यांमुळे प्रखर ऊन थेट आत न येता वारा खेळता राहतो. मुंबईत शिकलेले वास्तुशिल्पज्ञ अनंत राजे यांनी फिलाडेल्फियातील कानच्या कार्यालयात काम केले होते. कानच्या निधनानंतर या परिसरातील पुढील वास्तूंचे काम त्यांनी केले.

ढाका येथील संसदभवनाचे काम १९६२ मध्ये तत्कालीन पाकिस्तान सरकारने कानकडे सोपविले. १९७१ च्या युद्धात ते थांबले. स्वतंत्र बांगला देशाने ते पुढे चालू ठेवून १९८२ मध्ये पूर्ण केले. पाण्याने वेढलेल्या या काँक्रीटच्या वास्तूवर ठराविक अंतराने पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या आहेत. काँक्रीट ओतण्याच्या एकेका टप्प्याचा सांधा त्यांखाली झाकला जातो. बांधकामातील अपरिहार्य खूण हाच अलंकार करावा, ही कानची भूमिका येथे पूर्णत्वास गेली.

अखेर व मूल्यमापन : टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ येथील किंबेल कलासंग्रहालय व न्यू हँपशरमधील एक्सटर येथील ग्रंथालय (दोन्ही १९७२) या त्याच्या अखेरच्या काळातील श्रेष्ठ वास्तू होत. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञसंस्थेचे सुवर्णपदक (१९७१) आणि ब्रिटनच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक (१९७२) हे सन्मान त्याला लाभले. व्यवहारात तो यशस्वी ठरला नाही. आराखडे पुनःपुन्हा बदलण्याच्या सवयीमुळे त्याचे कार्यालय सतत तोट्यात असे आणि मृत्युसमयी त्याच्यावर मोठे कर्ज होते. अहमदाबादहून परतत असताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानकात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ही वार्ता कुटुंबीयांना कळण्यासही काही दिवस लागले. त्याचा मुलगा नथॅनिएल कान याने त्याच्या जीवनाचा व वास्तूंचा शोध घेणारा ‘माय आर्किटेक्ट’ हा अनुबोधपट २००३ मध्ये तयार केला.

अहमदाबादच्या वास्तूंना विटांची झीज व २००१ चा भूकंप यांचा उपद्रव झाला. तेथील ग्रंथालयाच्या जीर्णोद्धारास २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडून नवी बांधण्याचा डिसेंबर २०२० मधील प्रस्ताव देशोदेशींच्या विरोधानंतर जानेवारी २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. तथापि नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने काही इमारतींच्या पुनर्बांधणीचा निर्णय जाहीर केला. वापराची सोय व वास्तूचे कलामूल्य यांतील जो पेच रिचर्ड्‌स प्रयोगशाळांत कानसमोर उभा राहिला होता, तोच येथे त्याच्या वारसदारांपुढे आला. कानने स्वतः त्या पेचाचे उत्तर मूळ कल्पना न सोडता नव्याने आराखडा करून दिले होते. घाई न करता तीस वर्षे शिकत राहिलेल्या या वास्तुशिल्पज्ञाचे ऋण भारतातील विटांच्या वास्तुकलेवर विशेष आहे.